नसलेल्या इमारतीची सावली

ज्योती खंदारे रंगांवर विश्वास ठेवत नसे. हैदराबादच्या ज्या संस्थेत ती गावांची आणि शहरांची संगणकीय मॉडेले तयार करी, तिथे तिचा हा स्वभाव सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. ड्रोनने टिपलेल्या हजारो छायाचित्रांतून एखादे गाव पडद्यावर उभे राहिले की सहकारी आधी त्याचे रंग न्याहाळत. ज्योती आधी रंग काढून टाकी. तिच्या मते रंग माणसाला खूश करतो आणि खूश झालेला माणूस मोजायचे विसरतो. मागे उरणाऱ्या राखाडी गावात फक्त उंची, रुंदी आणि उतार शिल्लक राही. त्यांच्याशी तिचे चांगले जमे.

शेवगव्हाणचे मॉडेल तिच्याकडे आले तेव्हाही तिने हेच केले. वारंगा फाट्यापासून आत असलेले हे गाव तिचे आजोळ. आई गेल्यापासून तिथे तिचे म्हणावे असे एकच घर उरले होते, रुक्माबाई मावशीचे. हे नाते तिने कामाच्या अहवालात पहिल्याच परिच्छेदात नोंदवून टाकले आणि शक्य तिथे आकडेमोड दुसऱ्याकडून तपासून घेतली. आपल्या माणसांच्या बाजूने निघालेल्या उत्तराकडे तिने नेहमीपेक्षा दुप्पट संशयाने पाहिले. उत्तर मात्र हलले नाही.

प्रश्न साधा होता. नगरपंचायतीला हमरस्त्यालगत चार मजली व्यापारी संकुल बांधायचे होते. त्यासाठी मोठ्या पटांगणाची पूर्व कड निवडली होती. तिथे वापरातून गेलेली पाण्याची जुनी टाकी उभी होती. ती पाडायची आणि त्या ओळीत दुकाने काढायची. नकाशावर पटांगणाची नोंद 'रिकामी जागा' अशी होती, आणि वर्षातला बहुतेक काळ ती खरीही असे. मात्र हळद निघाली की त्या जागेचे रूप पालटे. ज्यांच्याकडे शेतात खळे नाही आणि ज्यांच्या अंगणात ऊन उतरत नाही अशा रुक्माबाईच्या बचत गटातल्या बायका शिजवलेली हळद तिथे वाळत घालत. रात्री ढीग करून ताडपत्रीखाली झाकायची, सकाळी पसरायची. सकाळचे ऊन चुकले की दवाची ओल आत मुरते, हळकुंडाला बुरशी धरते, रंग मरतो. मग ती हळद कोणी हातात घेत नाही.

मॉडेलमध्ये ज्योतीने संकुल उभे केले आणि त्याच्यावरून मार्चचा सूर्य फिरवला. ऐन दव उडण्याच्या वेळी इमारतीची सावली जवळजवळ अर्धे पटांगण व्यापत होती. गावात दुसरे पटांगण नाही. गेले तर गटाची हळद गेली. सोमवारी नगरपंचायतीची सभा होती आणि जागा तिथेच पक्की व्हायची होती.

शुक्रवारी गावात येऊन तिने हे सगळे नगरपंचायतीच्या कचेरीत नगराध्यक्ष संतराम यांना पडद्यावर दाखवले. संतराम स्वतः शेतकरी, चांगली बागायत राखून असलेले. माणूस आडमुठा नव्हता. त्यांनी राखाडी पटांगणावरून सरकणारी राखाडी सावली दोनदा पाहिली आणि चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, इमारत अजून कागदावर हाय. बराबर?"

"बरोबर."

"मंग तिची सावली तुमी कुठून आणली?"

खोलीत हशा पिकला. ज्योती हसली नाही. तिला तो प्रश्न मनापासून आवडला होता. तिच्या व्यवसायातला हाच एक खरा प्रश्न होता आणि तो विचारणारी माणसे तिला फार थोडी भेटली होती.

"तुम्ही यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "जी सावली आज पडते, तिच्यावर तपासा. त्या जुन्या टाकीची सावली सकाळी नऊ वाजता कुठे असेल ते मी आधी फक्कीने आखून ठेवते. तुम्ही समोर उभे राहा. सावली रेषेवर आली तर मॉडेल ऐका, नाही आली तर मला परत पाठवा."

"अन् ढग आले तर?"

"तर चहा पाजा."

"हां, हे मान्य," संतराम म्हणाले.

शनिवारी सकाळी पटांगणात जत्रेसारखी माणसे जमली. चुन्याची फक्की टाकायला रुक्माबाईच पुढे झाली. ज्योतीने खुणा केल्या आणि मावशीने त्यावरून पांढरी ओळ धरली. रांगोळीच्या सवयीचा हात, कुठे जाड नाही की कुठे तुटली नाही. टाकीच्या सावलीचे टोक नऊला जिथे पडेल तिथे एक लांब आडवी रेषा, तिच्यामागे-पुढे वीतभर अंतरावर दोन बारीक रेषा. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, थाळी आहे. त्यामुळे कोणत्याही सावलीची कड थोडी धूसर असते. तेवढी सूट ज्योतीने स्वतःला दिली होती. त्याहून जास्त नाही.

सकाळची सावली आधी लांब असते आणि सूर्य चढेल तशी आखडत जाते. टाकीची सावली पटांगण ओलांडून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली होती. तिथून ती माघारी निघाली. लोक तिच्याबरोबर एकेक पाऊल मागे सरकत होते. ती रेषेजवळ आली तेव्हा ज्योतीने घड्याळ पाहिले. नऊला बराच अवकाश होता. सावली रेषेवर आली, रेषा ओलांडून आत शिरली आणि तशीच चालत राहिली. नऊ वाजले तेव्हा तिचे टोक रेषेच्या चांगले दहा फूट अलीकडे होते.

"सावली वेळेआधीच सुटली, ताई," संतराम म्हणाले. "आपल्या एस्टीपेक्षा बरी."

सगळे पटांगण हसले. ज्योतीने वही काढली नाही, की सबब सांगितली नाही. घड्याळ तपासले, बरोबर होते. जमिनीचा उतार तपासला, तोही बरोबर. मग तिने अंतर मोजायचे यंत्र तिपाईवर चढवले आणि टाकीची उंची मोजली. एकदा, मग जागा बदलून पुन्हा.

"टाकी पुरुषभर कमी भरतेय," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मॉडेलमधली टाकी हिच्यापेक्षा उंच आहे."

"वय झालं की माणूस बी खचतं, माय," गटातली शालूबाई म्हणाली. "टाकीचं काय घेऊन बसलीस!"

रुक्माबाई मात्र हसली नाही. तिने फक्कीची रिकामी पाटी उलटी करून झटकली. "ज्योते, आता सोमवारी काय सांगायचं गं? ते म्हणतील, हिची सावली खोटी, मंग इमारतीची बी खोटी."

"तसंच म्हणतील," ज्योती म्हणाली. "आणि म्हणायलाच हवं."

दुपारी मावशीच्या अंगणात तिने लॅपटॉप उघडला. भोवती गटातल्या बायका होत्या. जयंती मंडळाचे भीमराजकाकाही येऊन बसले होते. ते सुतार. गावातल्या निम्म्या दारांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. संतराम 'बघू तरी टाकी कुठं वाढली ते' म्हणत दारातच उभे राहिले.

राखाडी टाकी तिने पडद्यावर मोठी केली. वर घुमट होता. पाण्याच्या टाक्यांना घुमटच असतो, त्यामुळे तिला त्यात कधी काही वावगे वाटले नव्हते. आता तिने खऱ्या टाकीचा फोटो शेजारी ठेवला. तिचा घुमट बसका होता. मॉडेलमधला मात्र गोल, भरदार, आणि त्याच्या डोक्यावर एक बारीक काठीसारखे काही.

हे काय असू शकते, हे राखाडी रंगात कळण्याचा मार्ग नव्हता. ज्योतीने थोडा वेळ विचार केला आणि जे ती कधी करत नसे ते केले. तिने रंग परत चढवले.

पडदा एकदम उजळला. टाकीवर पांढराशुभ्र स्तूप उभा होता. त्याच्या माथ्यावर छत्री होती आणि छत्रीपासून खाली पंचरंगी पताकांच्या माळा उतरत होत्या. ऊन लागून त्याची एक बाजू चमकत होती.

 भीमराजकाका हळूच उठले, पडद्याजवळ आले आणि बोट लावायचे धाडस न झाल्यासारखे हात मागे घेऊन उभे राहिले.

"हा आपला स्तूप," ते म्हणाले. "मागल्या जयंतीचा. कळक मी सोलले होते. चौथ्या दिवशी तर उतरवला आमी."

"इथं न्हाई उतरला," शालूबाई म्हणाली.

"घराघरांतून पांढरं कापड गोळा केलं होतं," रुक्माबाई सांगू लागली आणि मध्येच थांबली. ती पडद्यावर वाकली. "ज्योते, हे मोठं कर. इथं, खालच्या अंगाला."

ज्योतीने मोठे केले. पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्यांमध्ये एक निळी किनार स्पष्ट दिसत होती.

"माझी चादर," रुक्माबाई म्हणाली. तिचे दोन्ही हात आपोआप जुळले. "निळ्या काठाची. फाटली म्हणून मी दिवाळीत पायपुसणं केलं तिचं."

"अन् आमच्या यांचं धोतर?" शालूबाईने मान पुढे काढली. "ते बी दिलं होतं मी. यांना न विचारता. दिसतंय का बघ बाई, न्हाईतर राहू दे. दिसलं तर घरी महाभारत व्हईल."

दारातून संतरामांचा आवाज आला. "भीमराज, त्या टाकीवर चढायची परवानगी कुणी दिली होती रे?"

"अध्यक्षसाहेब," भीमराजकाका वळलेही नाहीत, "फीत तुमीच कापली होती."

अंगण हसण्याने भरून गेले आणि त्या हसण्यात संतरामही सामील झाले. ज्योती मात्र पडद्याकडे पाहत बसली होती. ड्रोन कोणत्या आठवड्यात उडाला ती तारीख तिच्यासमोर कितीतरी वेळा येऊन गेली होती. एप्रिलच्या त्या दिवसांत या गावातली प्रत्येक उंच जागा आणखी उंच होते, हे लहानपणी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पताका बांधायला शिडीही धरली होती. दुसऱ्या कोणाची असती तर ही चूक माफ करता आली असती. तिला रंग नको होते आणि उत्तर रंगातच होते. ही खंत तिने मनात नोंदवून ठेवली. पण खंतीपेक्षा मोठे काहीतरी त्या अंगणात उतरले होते, आणि त्याला मोजमाप नव्हते. चार दिवस टिकलेली, घराघरांतल्या जुन्या कापडांची एक वस्तू कोणाच्याही नकळत आकाशातून पाहिली गेली होती, आणि काठासकट, सुरकुतीसकट तशीच्या तशी उभी होती.

"आता हे काढावं लागंल?" रुक्माबाईने विचारले.

"हिशेबातून काढावं लागेल, मावशी. आज टाकीवर ते नाही. पण ही प्रत मी राहू देणार आहे. ही पुसायची नाही."

तिने नव्या प्रतीतून स्तूप उतरवला. भीमराजकाकांनी तेवढ्या वेळापुरती मान फिरवली.

रविवारी पुन्हा फक्की पडली. या वेळी माणसे आदल्या दिवसाच्या दुप्पट होती, कारण हसायला मिळेल अशी अनेकांची खात्री होती. संतराम रेषेच्या बरोबर मागे खुर्ची टाकून बसले. सावली भिंतीवरून खाली उतरली आणि माघारी निघाली. आदल्या दिवशी तिच्याबरोबर गप्पाही चालत होत्या. आज हळूहळू त्या थांबल्या. टोक रेषेपासून दोन हात राहिले, मग एक हात. लोकांनी मोबाइल बाहेर काढून वेळ पाहायला सुरुवात केली. टोक बाहेरच्या बारीक रेषेला लागले. मग मधल्या जाड रेषेवर आले. आणि त्याच क्षणी निरनिराळ्या हातांतल्या निरनिराळ्या मोबाइलांवर नऊ वाजले.

 संतराम खुर्चीतून उठले, वाकले आणि सावलीच्या टोकावर बोट ठेवले. बोट उचलले तर त्याला फक्की लागली होती.

हे होणार हे ज्योतीला ठाऊक होते. न झाले असते तरच तिला आश्चर्य वाटायला हवे होते. तरीही तिच्या दंडावर काटा आला, आणि तो का आला याचा तिने प्रामाणिकपणे शोध घेतला. आकाशात पंधरा कोटी किलोमीटरवर सूर्य होता, इथे एक पोपडे निघालेली टाकी होती आणि खाली मावशीच्या हातची चुन्याची ओळ. तिघांना एकमेकांची काहीही पर्वा नव्हती, आणि तिघे एका जागी आले होते. गणिताने हे घडवले नव्हते. गणिताला ते फक्त आधी कळले होते. एवढे पुरेसे होते. काट्याला याहून मोठे कारण लागत नाही.

"आता तुमची इमारत, अध्यक्षसाहेब," ती म्हणाली.

ती खुणा करत गेली आणि रुक्माबाई तिच्यामागून ओळ ओढत गेली. पूर्वेच्या कडेपासून ओळ निघाली, तिरकी पटांगणाच्या पोटात शिरली, लांबच लांब गेली, वळली आणि परत आली. आकृती बंद होईपर्यंत त्यात उभे असलेले लोक तिथेच उभे होते. ती बंद झाली आणि कोणी काही न सांगता एकेक जण बाहेर पडू लागला. शालूबाईने तर ओळीवरून पाय उचलून टाकला, उंबरा ओलांडावा तसा.

आत फक्त ऊन होते, बाहेर होते तेवढेच. पटांगणातले एक पिवळे कुत्रे त्या आकृतीतून सरळ चालत गेले आणि खऱ्या टाकीच्या खऱ्या सावलीत जाऊन पसरले. पुराव्याशिवाय काहीही न मानणारे, ज्योतीच्या पंथाचे असे त्या घटकेला ते एकटेच उरले होते.

संतरामांनी आकृतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "एवढी?" त्यांनी विचारले.

"नऊ वाजताची एवढी. पुढे आखडत जाईल. पण तोवर दव आत मुरलेलं असेल."

"हमरस्त्याला तोंड न्हाई मिळालं तर दुकानं कोण घेईल, ताई? तकलीफ ती हाय."

याचे उत्तर सावलीत नव्हते. पटांगणाच्या उत्तरेकडच्या कोंडवाड्याचा पर्याय तिने अहवालात मांडला होता: मोकाट जनावरे कोंडायची ती जुनी जागा, आता ओस. तिथे इमारत उभी केली तर हळदीच्या दिवसांत सकाळची सावली पटांगणाबाहेर पडते, पण रस्त्याला फक्त तिची अरुंद बाजू लागते आणि बाकीच्या दुकानांची तोंडे पटांगणाकडे येतात. नुकसान किती, फायदा किती, हे ठरवणे मॉडेलचे काम नव्हते. ते तिने संतरामांवर सोडले. संतराम बोटाची फक्की धोतराला पुसून निघून गेले.

सोमवारी सकाळी ती पटांगणात आली तेव्हा भीमराजकाका टाकीच्या पायऱ्यांशी उभे होते.

"वर चल," ते म्हणाले. "खालून न्हाई कळायचं."

टाकीच्या भोवतीचा काँक्रीटचा जिना अजून मजबूत होता. वरच्या कठड्याशी पोचेपर्यंत ज्योतीला धाप लागली. मागच्या वर्षी जिथे स्तूपाचा पाया होता तिथे कळकाच्या बांबूंचे वण अजून दिसत होते. तिने खाली पाहिले.

बायकांनी हळद पसरली होती. कडेपासून कडेपर्यंत पटांगण पिवळे झाले होते. नुकत्या चढलेल्या उन्हात तो पिवळा डोळ्यांत मावत नव्हता. आणि त्या पिवळ्याच्या मधोमध इमारतीची सावली पडली होती. त्यांनी फक्कीच्या ओळीपर्यंत हळद नेऊन सोडली होती. आत एक हळकुंड नव्हते. उघड्या काळ्या मातीची ती आकृती तिच्या पडद्यावर होती तशीच होती, कोन न् कोन. तिच्या कडेला ताडपत्रीखाली मोठमोठे ढीग तसेच पडून होते, पसरायला जागा न मिळालेले.

तिने आजवर पृथ्वीवरून घेऊन पडद्यावर पुष्कळ काही नेले होते. पडद्यावरून उतरून पृथ्वीवर आलेले काही ती पहिल्यांदाच पाहत होती. अजून पायाही न खोदलेल्या चार मजल्यांनी ऊन अडवले होते आणि गावाने ते खरे मानून वाट सोडली होती. इथे रंग काढून टाकायची कळ नव्हती. असती तरी तिने ती दाबली नसती.

"मावशी!" तिने वरून हाक मारली. "अर्धी झाकूनच काहून ठेवली? ओल धरेल ना!"

"धरू दे एक दिवस!" खालून रुक्माबाई ओरडली. "संतरामभाऊला बघू दे, किती बसती अन् किती राहती ते!"

संतराम सभेला निघाले होते. रस्त्याच्या बाजूने ते आत आले, तिथून नगरपंचायतीची वाट पटांगणामधून सरळ पलीकडे जाते. वरून ते अगदी लहान दिसत होते: पांढरी टोपी आणि तिच्या पायाशी तिची स्वतःची लांबट सावली. ते काळ्या आकृतीपर्यंत आले. मधून गेले असते तर सरळ पार झाले असते. जमीन मोकळी होती, अडवायला कोणी नव्हते. ते ओळीशी थांबले. त्यांनी ढिगांकडे पाहिले, मग मान वर करून पूर्वेकडे पाहिले, जिथे इमारत नव्हती. आणि ते वळले. हळदीवर पाय पडू नये म्हणून धोतर सावरत, कडेकडेने, त्या पूर्ण सावलीला वळसा घालून ते पलीकडे गेले.

पलीकडे पोचल्यावर त्यांचे त्यांनाच ते कळले असावे. त्यांनी मागे वळून आपण आलेली वाट पाहिली. बायका हसत नव्हत्या.

"रुक्माबाई," ते मोठ्याने म्हणाले, "ताडपत्र्या काढा. पसरा सगळीकडं. मी कोंडवाड्याचा ठराव मांडतो. दुकानदारांना काय सांगायचं ते माझं मी बघतो."

 शालूबाईने पहिली ताडपत्री ओढली.

वर भीमराजकाकांनी कठड्यावरून खाली वाकून विचारले, "अध्यक्षसाहेब, मंग ही टाकी बी राहती काय?"

"राहती!" संतरामांनी वर पाहिले. "पण औंदा चढायच्या आधी परवानगी काढा!"

"तुमी फीत कापायला या, मंग परवानगीच हाय!"

खाली हळद सरकू लागली. काळ्या आकृतीच्या एका कडेने पिवळा आत शिरला, मग दुसऱ्या कडेने. रुक्माबाई पाटीने हळकुंडे पुढे ढकलत चालली होती, आणि तिच्या पायांखाली कालची फक्कीची ओळ हळूहळू झाकली जात होती. ज्योतीने घड्याळ पाहिले. नऊ वाजत आले होते. टाकीच्या सावलीच्या टोकावर तिची आणि भीमराजकाकांची डोकी शेजारी शेजारी दिसत होती, दोन लहान उंचवटे, जे कोणत्याही मॉडेलमध्ये नव्हते. ती सावली आखडून हळदीवरून मागे जाईपर्यंत दोघे तिथेच उभे राहिले.